मूत्रपिंड थकलं की औषधाचं मापही बदलतं

घोणस चावलेल्या शेतकऱ्यावर उपचार करताना डॉक्टर कोणता हिशेब मांडतात? घरच्यांनी आणि गावानं त्यांना कोणती माहिती पुरवावी?

शेतकरी बंधू-भगिनींनो, फवारणीच्या पंपाला औषध किती टाकायचं हे आपण डब्यावरची चिठ्ठी वाचून किंवा कृषी खात्याच्या माणसाला विचारून ठरवतो. माप कमी पडलं तर कीड मरत नाही, जास्त झालं तर पीक करपतं. माणसाच्या औषधाचंही तसंच आहे. फरक एवढाच, की पिकाचं माप डब्यावर छापलेलं असतं. अतिदक्षता विभागात पडलेल्या अत्यवस्थ माणसाचं माप मात्र रोज नव्यानं काढावं लागतं. ते काढताना डॉक्टर ज्या अवयवाकडे आधी बघतात तो म्हणजे मूत्रपिंड. आपण त्याला किडनी म्हणतो.

हा विषय शेतीच्या पानावर कशाला, असं कुणी विचारेल. कारण सरळ आहे. किडनीवर घाला घालणाऱ्या कितीतरी गोष्टी आपल्या धंद्यातच आहेत. उसाच्या फडात आणि कडब्याच्या गंजीखाली घोणस असते. भाताच्या खाचरात लेप्टोचा जंतू असतो. भर उन्हात राबताना अंगातलं पाणी आटतं आणि त्यावर अंगदुखीची गोळी पोटात जाते. देशात २००० ते २०१९ या २० वर्षांत सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. यातले बहुतेक खेड्यातले, आणि जास्त मृत्यू पावसाळ्याच्या महिन्यांतले.

मी डॉक्टर नव्हे, शेतीची पदविका घेतलेला माणूस आहे. कुणाला किती औषध द्यावं हे सांगायला हा लेख नाही, ते काम डॉक्टरांचंच. पण त्यांचा हिशेब कशावर चालतो हे कळलं, तर घरच्या माणसांना योग्य माहिती वेळेवर देता येते. पुष्कळदा रुग्णाचं नशीब त्या माहितीवर ठरतं.

किडनी म्हणजे नुसती चाळणी नव्हे

आपल्या शरीरात मुठीएवढ्या दोन किडन्या असतात. एकेकीत सुमारे १० लाख बारीक गाळण्या असतात. हृदय जेवढं रक्त ढकलतं त्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा किडन्यांकडे जातो. दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळलं जातं, आणि त्यातलं लघवीवाटे बाहेर पडतं ते दीड-दोन लिटर. बाकीचं पाणी आणि कामाचे क्षार किडनी परत आत घेते, घाण तेवढी बाहेर टाकते.

औषधंही अशीच बाहेर पडतात. त्यांना मुख्यतः दोन दारं आहेत, एक किडनीचं आणि दुसरं यकृताचं. जेंटामायसिन, अमिकासिन, व्हॅन्कोमायसिन, मेरोपेनेम ही जंतुनाशक औषधं मोठ्या प्रमाणात किडनीच्या दारानं जातात. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि हृदयाची डिगॉक्सिन यांचीही वाट तीच. लेप्टोवर दिली जाणारी डॉक्सिसायक्लिन मात्र किडनी बिघडली तरी सहसा त्याच मापात देता येते.

आता शेताचा चर गाळानं बुजला तर काय होतं? वरून पाणी येतच राहतं, खाली निचरा होत नाही, शेत तुंबतं आणि मुळं सडतात. किडनी थकली की तसंच होतं. पहिला डोस अंगातच असतो, त्यावर दुसरा पडतो, मग तिसरा. जेंटामायसिन साचलं तर ते किडनीलाच आणखी दुखावतं, शिवाय कानाची नस खराब करतं. मॉर्फिनचं विघटन यकृतात होतं, पण त्यातून तयार होणारे पदार्थ किडनीतून जातात. ते साचले की रुग्ण गुंगीत जातो, श्वास मंदावतो. सेफेपिम नावाचं जंतुनाशक साचलं तर माणूस बरळतो, कधी झटके येतात. नातेवाइकांना वाटतं दुखणं वाढलं. काही वेळा वाढलेलं असतं ते अंगातलं औषध.

घोणस चावल्यावर नेमकं काय होतं?

आपल्याकडे माणसं दगावतात ती मुख्यतः चार सापांमुळे : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. यांत किडनीचा खरा वैरी घोणस. तिच्या विषानं रक्त गोठण्याची सगळी सामग्री खर्ची पडते. मग हिरड्यांतून, लघवीतून रक्त जातं. रक्ताच्या बारीक गुठळ्या किडनीच्या सूक्ष्म नळ्यांत अडकतात. त्यात रक्तदाब पडला की किडनीचा रक्तपुरवठा तुटतो. लघवी कमी होते, कधी चहासारखी काळपट किंवा लालसर होते.

विष भिनलं का, हे बघायची एक सोपी परीक्षा सरकारी दवाखान्यात करतात. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग नळी तिरकी करतात. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विषानं काम सुरू केलंय हे नक्की.

त्यावर उतारा एकच, सर्पदंशाची लस म्हणजे प्रतिसर्पविष. घोड्यांना बेतानं विष टोचून त्यांच्या रक्तापासून ती बनवतात. आपल्या मुंबईच्या हाफकिनचं नाव या कामात जुनं आहे. या लसीचा डोस वयावर ठरत नाही, वजनावर ठरत नाही आणि किडनीवरही ठरत नाही. लहान पोराला आणि मोठ्या माणसाला सारखाच डोस लागतो, कारण साप काही माणूस बघून विष कमी-जास्त सोडत नाही. एक कुपी घोणशीचं सुमारे ६ मिलिग्रॅम विष मारते आणि घोणस एका चाव्यात सरासरी ६० मिलिग्रॅमच्या आसपास विष सोडते. म्हणून सुरुवातच साधारण १० कुप्यांनी करतात. एवढ्याशा पोराला एवढी लस का, म्हणून डॉक्टरांशी हुज्जत घालू नका.

लस अंगात फिरणारं विष मारते. दुखावलेली किडनी ती दुरुस्त करत नाही. म्हणून मांत्रिकाकडे गेलेला एकेक तास किडनीच्या खात्यावर पडतो. आणखी एक गैरसमज असा, की डायलिसिसनं विष निघून जातं. तसं होत नाही. डायलिसिस म्हणजे किडनीचं काम तात्पुरतं यंत्रावर घेणं. बऱ्याच रुग्णांची किडनी काही आठवड्यांत पुन्हा कामाला लागते, काहींची मात्र कायमची जाते.

थोडक्यात, लसीला किडनीमुळे कात्री लावायची नसते. पण त्याच रुग्णाला लागणाऱ्या बाकीच्या औषधांचा हिशेब किडनी बघूनच करावा लागतो.

पहिला डोस पूर्ण, पुढचे बेतानं

हा मुद्दा शेततळ्यावरून चटकन कळेल. नवं शेततळं पहिल्यांदा भरायला किती पाणी लागेल? ते तळ्याच्या आकारावर अवलंबून. पुढं रोज किती पाणी घालावं लागेल? ते उन्हानं किती उडतं आणि पाझरून किती जातं यावर अवलंबून. ही दोन गणितं वेगळी आहेत.

औषधाचंही तसंच. पहिला डोस म्हणजे तळं भरणं. किडनी बिघडलेली असली तरी तो बहुधा पूर्णच द्यावा लागतो, नाही तर औषध अंगात पुरेशा पातळीला पोचतच नाही आणि जंतूंना मोकळं रान मिळतं. पुढचे डोस म्हणजे रोजची भर. किडनीतून औषध कमी जात असेल तर भरही कमी लागते. ती कमी करायच्या दोन रीती आहेत. एक तर दर वेळचं माप घटवायचं, नाही तर दोन डोसांमधलं अंतर वाढवायचं. अमिकासिनसारख्या औषधाचं अंतर वाढवण्यावर भर असतो. मेरोपेनेमचं माप आणि अंतर दोन्ही बदलतात.

अत्यवस्थ रुग्णाची आणखी एक गोष्ट आहे. त्याला भरपूर सलाईन दिलेलं असतं आणि रक्तवाहिन्यांतून पाणी अंगात झिरपलेलं असतं. हात-पाय सुजलेले दिसतात ते त्यामुळेच. म्हणजे तळंच मोठं झालेलं असतं. अशा वेळी काही औषधांचा पहिला डोस नेहमीपेक्षा जास्तही लागतो. “किडनी खराब म्हणता आणि औषध एवढं कसं देता?” असं मनात येईल. खुशाल विचारा, पण आरडाओरड करू नका.

क्रिएटिनिनचा आकडा फसवा असतो

किडनीचं काम जोखायला रक्तातलं क्रिएटिनिन तपासतात. हा स्नायूंचा कचरा असतो आणि किडनी तो बाहेर टाकते. किडनी थकली की आकडा चढतो. तपासणीच्या कागदावर साधारण ०.६ ते १.२ पर्यंत ठीक, असं छापलेलं असतं. पण नुसता आकडा बघून चालत नाही.

१९७६ साली कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट या दोघांनी एक सूत्र मांडलं. औषधाचं माप ठरवायला ते आजही वापरतात. १४० मधून वय वजा करायचं, त्याला वजनानं गुणायचं, आणि आलेल्या संख्येला ७२ गुणिले क्रिएटिनिन यानं भागायचं. बाईमाणूस असेल तर उत्तराला ०.८५ नं गुणायचं. एका मिनिटात किडनी किती मिलिलिटर रक्त साफ करते, त्याचा अंदाज यातून येतो.

आता हिशेब बघा. २५ वर्षांचा, ७० किलोचा गडी आणि ६० वर्षांचे, ५० किलोचे आजोबा. दोघांचं क्रिएटिनिन १. गड्याचं उत्तर येतं सुमारे ११२, आजोबांचं ५६. त्याच वयाच्या, त्याच वजनाच्या आजीचं ४७. कागदावर तिघंही ‘नॉर्मल’, पण किडनीची ताकद निम्म्यावर किंवा त्याहून खाली. कारण उघड आहे : म्हाताऱ्या, वाळलेल्या शरीरात स्नायूच कमी, म्हणून कचराही कमी. अशा आजोबांचं वजन कुणी अंदाजानं ६० किलो लिहिलं, तर उत्तर ५६ ऐवजी ६७ येतं. दवाखान्यात खरं वजन सांगणं किती गरजेचं आहे, ते यावरून समजून घ्या.

दुसरी फसगत वेळेची. रात्री चर बुजला तरी शेत तुंबलेलं सकाळी दिसतं. किडन्या अगदी बंद पडल्या, तरी क्रिएटिनिन दिवसाला साधारण १ ते १.५ एवढंच चढतं. पहिल्या दिवशी आकडा दीडच्या आत असतो आणि किडनी जवळजवळ ठप्प असते. बरं होताना उलट घडतं. किडनी कामाला लागलेली असते, पण जुना कचरा निघायला वेळ लागतो म्हणून आकडा चढाच दिसतो. सूत्र चालतं ते आकडा स्थिर असताना. म्हणून डॉक्टर एका आकड्यावर भागवत नाहीत. काल किती, आज किती हे बघतात, आणि तासातासाची लघवी मोजतात.

६० किलोच्या माणसाला ताशी ३० मिलिलिटरपेक्षा कमी लघवी सलग ६ तास झाली, तर तो धोक्याचा इशारा मानतात. खाटेला अडकवलेली लघवीची पिशवी म्हणजे पर्जन्यमापकच समजा. तिची नोंद झाल्याशिवाय ती परस्पर रिकामी करू नका. मात्र लेप्टोमध्ये किडनी बिघडूनही लघवी बरी होत राहते, तेव्हा तिथं नुसत्या लघवीवर विसंबता येत नाही.

डोस वाढवावाही लागतो

दुखणं गंभीर म्हणजे डोस कमी, असा सरसकट नियम नाही. अपघातात सापडलेला किंवा जंतुसंसर्गानं फणफणलेला तरुण रुग्ण असेल, तर कधी कधी त्याची किडनी नेहमीपेक्षा जोरात चालते. रेताड जमिनीत दिलेलं पाणी जसं थांबत नाही, तसं जंतुनाशक भराभर धुपून जातं. नेहमीचं माप तिथं तोकडं पडतं आणि जंतू मरत नाहीत. अशा वेळी डॉक्टर माप वाढवतात किंवा तेच औषध बराच वेळ सावकाश सोडतात.

तसंच, जंतुसंसर्गामुळे दुखावलेली किडनी पुष्कळदा दोन दिवसांत सावरते. म्हणून ज्या जंतुनाशकात थोडं जास्त झालं तरी फारसा अपाय नाही, त्याला सुरुवातीलाच कात्री लावायची घाई जाणते डॉक्टर करत नाहीत. जास्त झालं तर विषबाधा, कमी झालं तर जंतू शिरजोर, अशी ही कसरत असते.

गिधाडांनी शिकवलेला धडा

तुमच्यातल्या चाळिशी ओलांडलेल्यांनी मेलेल्या ढोरावर उतरणारे गिधाडांचे थवे पाहिले असतील. १९९० नंतर ते झपाट्यानं नाहीसे झाले. कारण २००४ साली उजेडात आलं. जनावरांना टोचलेलं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होतं आणि त्यांच्या किडन्या बंद पडत होत्या. २००६ साली जनावरांसाठी हे औषध बंद झालं. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या जनावरांना वापरल्या जात, म्हणून २०१५ साली कुपी ३ मिलिलिटरची केली. २०२३ साली जनावरांसाठी केटोप्रोफेन आणि एसिक्लोफेनॅकवरही बंदी आली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित ठरलं आहे. पशुवैद्यकांकडून तेच मागा.

माणसाची किडनी गिधाडाएवढी नाजूक नाही. पण डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन अशा गोळ्या किडनीकडे जाणारा रक्तपुरवठा आवळतात. धडधाकट माणसाला दोन दिवसांत काही होत नाही. पण अंगातलं पाणी आटलेलं असेल, हगवण लागली असेल किंवा घोणस चावलेली असेल, तर हीच गोळी किडनीला खड्ड्यात ढकलते. सर्पदंशानंतर वाटेत कुणाकडून दुखण्याचं इंजेक्शन टोचून घेऊ नका.

घरच्यांनी काय करावं?

१. साप चावला की वेळ लिहून ठेवा. रुग्णाला चालवू नका, धीर द्या. करकचून दोरी बांधू नका, जखम कापू नका, चोखू नका. १०८ ला फोन करा आणि लस असलेल्या दवाखान्यात थेट जा.

२. रुग्ण रोज घेतो ती सगळी औषधं पिशवीत घालून बरोबर न्या. रक्तदाब, मधुमेह, सांधेदुखी, वैद्याच्या पुड्या, भस्मं, काहीही लपवू नका.

३. वय आणि खरं वजन सांगा.

४. शेवटची लघवी कधी झाली, रंग कसा होता, हे सांगा.

५. मुतखडा, मधुमेह, जुना किडनीचा त्रास असेल तर आधीचे तपासणीचे कागद दाखवा. पूर्वीचं क्रिएटिनिन कळलं, तर आजचा आकडा चढलाय का ते लगेच समजतं.

६. डॉक्टरांना नम्रपणे विचारा : “आज लघवी किती झाली? किडनी बघून औषधांचं माप बदललं का?” डायलिसिस सुरू असेल तर कोणतं औषध डायलिसिसनंतर द्यायचं, हेही विचारा. काही औषधं डायलिसिसमध्ये निघून जातात.

७. घरी सोडताना जुन्या गोळ्यांपैकी कोणत्या चालू आणि कोणत्या बंद, हे लिहून घ्या. मेटफॉर्मिनबद्दल तर हटकून विचारा. सांगितलेल्या तारखेला क्रिएटिनिन तपासा. किडनी सुधारली की औषधाचं मापही पुन्हा बदलावं लागतं. मनानं गोळी कमी-जास्त करू नका.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, पोलीस पाटील यांच्यासाठी

सर्पदंशाची लस कोणत्या दवाखान्यात आहे आणि डायलिसिसचं यंत्र सर्वांत जवळ कुठं आहे, हे पावसाळ्याआधी विचारून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून घ्या. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लस शिल्लक आहे का, हे मे महिन्यातच तपासा. प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ साली जिल्हा रुग्णालयांसाठी सुरू झाला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. केंद्र सरकारनं २०२४ साली राज्यांना सर्पदंशाची नोंद सक्तीची करायला सांगितलं आहे, तेव्हा गावातल्या प्रत्येक घटनेची नोंद दवाखान्यात होईल हे बघा. दुर्दैवानं शेतकरी दगावलाच, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचा अर्ज तालुका कृषी अधिकारी कार्यालयात वेळेत जाईल हे पाहा. दुःखात असलेल्या घराला कागद गोळा करायला माणूस द्या.

शेतकरी बंधू-भगिनींनो, आज रात्री एक काम करा. घरातल्या प्रत्येकाचं नाव, वय, वजन, चालू औषधं, न मानवणारी औषधं आणि असल्यास जुनं क्रिएटिनिन एका कागदावर लिहा. तो रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा आणि कुठं ठेवला ते घरातल्या पोरांनाही सांगा. धावपळीच्या वेळी तो कागद डॉक्टरांच्या हाती पडला, तर औषधाचं माप पहिल्या तासापासून बरोबर बसेल.